माहेर काढण्याचा विधी

तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहून झाले, तेव्हा सासूबाई यमुनाबाईंनी तिच्या डोक्यावर यंत्राचा चांदीचा टोप चढवला. त्या घरात येणारी प्रत्येक सून हा टोप घालून एक शब्द उंबऱ्याबाहेर ठेवत आली होती.

"विहीणबाई, पुढे या. ज्याने शिकवला, त्याच्याच आवाजात शब्द निघतो. 'माहेर' म्हणा. शब्द गेला की त्याची ओढही जाते, पोरगी सुखाने नांदेल. मात्र सांभाळून बोला. टोप चालू असताना तुमचा जो शब्द तिच्या काळजाला भिडेल, तोच जाईल."

"मी नाही म्हणायची," शर्वाणीची आई सुलभाताई म्हणाल्या.

"मग लेकीला परत घेऊन जा. तुमचं वऱ्हाड अजून दारातच आहे." यमुनाबाईंनी कळ दाबली.

टोप गुणगुणू लागला आणि शर्वाणीचे मेंदीचे हात थरथरू लागले. सुलभाताईंना ते पाहवेना.  त्यांनी ते हात आपल्या हातांत घेतले.

"घाबरू नकोस गं बाळ. आई आहे ना इथे."

टोप शांत झाला. शर्वाणीची थरथर थांबली. तिने अदबीने आपले हात सोडवून घेतले.

"काकू, तुम्ही का रडताय?"

यमुनाबाईंनी टोप उतरवून पदराने पुसला.

"'माहेर' राहू द्या तिच्यापाशी, विहीणबाई. 'आई' मी शिकवीन तिला."