हयात की मयत

"कायद्यानं बेपत्ता माणूस सात वर्षांत मरतो," फायलीची नाडी सोडत वकीलबाई म्हणाल्या. "ते सिद्ध करायला आणखी चार लागतात. तुमची चार होत आली. आज तुमच्या भावोजींची उलटतपासणी आहे. डोकं शांत ठेवा."

तिने नुसती मान हलवली आणि बाकावर टेकली. निघण्याआधी तिने सहा शर्टांची काजं-बटणं उरकली होती. बोटं अजून दुखत होती.

अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा चप्पल शिवून आणतो म्हणून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला, दवाखाने पालथे घालून झाले. मग हळूहळू लोकांनी विचारणंही सोडलं. तिने शिलाई मशीन खिडकीपाशी ओढलं आणि कामाला लागली.

घर सासऱ्यांच्या मागे दोघा भावांच्या नावावर झालं होतं. खाली थोरल्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि त्याच्या दोन खोल्या, वर ती आणि मुलगी. मागची भिंत पोटासारखी फुगली होती. नगरपालिका म्हणायची, दुरुस्तीला दोन्ही मालकांच्या सह्या आणा. एक मालक खाली बसलेला. दुसरा कुठून आणणार?

शिवाय मुलीचे फॉर्म. प्रत्येक फॉर्म विचारायचा, वडील हयात की मयत? ती तिथे रेघ मारायची. एकदा कारकुनाने फॉर्म परत सरकवला. "बाई, दोन्हीपैकी एक काहीतरी असणारच की."

म्हणून तिने दावा लावला. सात वर्षांत खबर नाही, तेव्हा नवऱ्याला मृत घोषित करावं. हरकत घेणारा एकच निघाला, तिचा दीर. त्याने लिहून दिलं, 'माझा भाऊ हयात आहे. तो परत येईल.'

शेजारपाजारच्यांना लगेच उलगडा झाला. धाकटा मेला असं ठरलं, तर अर्धं घर भावजयीच्या हातात जाणार. नुसताच बेपत्ता राहिला, तर सगळं थोरल्याच्या ताब्यात. "दिसतो गरीब गाय," लोक म्हणायचे, "पण घर गिळायला निघालाय."

तिचा सुरुवातीला विश्वास बसला नाही. तिने एकदा जिन्यातच त्याला गाठलं.

"भावोजी, ते आहेत म्हणता, तर पुरावा काय तुमच्याकडे?"

"पुरावा नाही."

"मग अडवता कशाला? आमचा तरी विचार करा."

तो कठड्यावरून हात फिरवत राहिला. "थोडं थांब. एक वर्ष थांब."

वर्ष गेलं. मग दुसरं, तिसरं. तारखा पडत राहिल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी त्याचा वकील आजारी. एकाच छताखाली राहून दोघांमधलं बोलणं संपलं. पाण्याची मोटर बंद करायची असली, तरी मुलीकरवी निरोप जायचा.

पुकारा झाला. तो पिंजऱ्यात उभा राहिला. शर्टाची कॉलर उसवलेली होती. चार वर्षांपूर्वी तिने ती न सांगता शिवून दिली असती.

वकीलबाईंनी सरळच विचारलं, "तुमचे बंधू हयात आहेत असं तुमचं म्हणणं. या अकरा वर्षांत त्यांचं पत्र आलं?"

त्याने पिंजऱ्याचा कठडा धरला.

"फोन? कुणाबरोबर निरोप?"

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. तिच्या जाड भिंगांच्या चष्म्याकडे, सुईने भोकं पडलेल्या बोटांकडे, शेजारी बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीकडे.

"शपथेवर आहात," न्यायाधीश म्हणाले. "उत्तर द्या."

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही. माझी हरकत मी मागे घेतो."

त्याच्या वकिलाने डोक्याला हात लावला. न्यायाधीशांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि निकालाची तारीख दिली. वकीलबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "झालं तुमचं काम."

बाहेर व्हरांड्यात तिने त्याला थांबवलं.

"हेच बोलायचं होतं, तर चार वर्षं खेटे का घालायला लावलेत, भावोजी?"

"वाटायचं, येईल."

"आणि आता?"

"आता नाही वाटत."

तिला भांडायचं होतं. चार वर्षं साठवलेलं सगळं ऐकवायचं होतं. पण खांबाला धरून ती खाली बसली आणि रडायला लागली. अकरा वर्षांत ती अशी रडली नव्हती. वाट पाहणाऱ्या बाईला रडायची सोय नसते. ते कुठे पडले असतील, शेवटी पाणी तरी मिळालं असेल का, असं काहीबाही ती बोलत होती. मुलीने तिला जवळ घेतलं. तो हातातल्या पिशवीचा बंद पिळत उभा राहिला.

"हिला घरी ने," शेवटी तो पुतणीला म्हणाला. "भिंतीच्या कागदावर माझी सही उद्या घेऊन जा."

दोघी फाटकाबाहेर जाईपर्यंत तो तिथेच होता. मग तो कोर्टाच्या मागच्या बाजूला गेला, सायकलींच्या रांगेपलीकडे, आणि खिशातून फोन काढून त्याने एक नंबर लावला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "चार वर्षं कोर्ट अडवून धरलं, ये म्हणून तुझ्या हातापाया पडलो. आज तुझी बायको तुझ्या नावानं रडली. आता मेलेलाच राहा."