बिननाकाचं भूत

“नाक काढूनच टाका,” सर म्हणाले. “नाक नसलं की माणूस जास्त दचकतो.”

रागिणीने मातीच्या चेहऱ्यावरचं नाक कोरणीने उडवलं. सर म्हणजे डॉ. नंदकुमार, तिचे विभागप्रमुख. वर्षभर अमेरिकेत राहून परतले होते आणि येताना हॅलोविन नावाचं खूळ घेऊन आले होते. क्लबात भुताखेतांचे मुखवटे घालून पार्टी करायची, तिकिटं लावायची आणि जमेल ते बॉम्बस्फोटातल्या जखमींच्या वॉर्डला द्यायचं. म्हणजे ज्यांचे चेहरे गेले त्यांच्या मदतीसाठी, चेहरा गेल्याचं सोंग घेऊन नाचायचं. यातलं वावगं क्लबात एकालाही दिसलं नव्हतं. दहशतवाद्यांच्या भीतीने अंधार पडायच्या आत घर गाठून गाठून चंदीगड कंटाळलं होतं. लोकांना कसली का होईना, मजा हवी होती.

रागिणी दातांची डॉक्टर, साताऱ्याकडची. कवळ्या करता करता ती रबराची नाकं आणि कान करायला शिकली होती. कुठेतरी बसमध्ये सीटखाली ठेवलेला डबा फुटायचा आणि काही महिन्यांनी त्यातली वाचलेली माणसं तिच्याकडे यायची. आता त्याच हातांनी, त्याच मातीत ती नाक मोडत बसली होती. साच्यात पातळ रबर ओतल्याबरोबर मुतारीसारखा भपकारा आला. रबरात भिजवलेल्या कापसाची लक्तरं तिने गालांवर चिकटवली आणि त्यांना नासक्या मांसाचा रंग दिला. काम फार छान जमलं. त्याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली.

मुखवटा वाळला, तो तिने हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. नाकाच्या जागी दोन भोकं, मधला वाकडा पडदा, वर ओढला गेलेला ओठ. हे तिने मनाने घडवलंच नव्हतं. हे सुरिंदर कौरचं तोंड होतं.

सुरिंदर जवळच्या मुल्लानपूर गावची, बसमधल्या स्फोटात नाक गेलेली. रागिणीने तिला चष्म्याला जोडलेलं नाक करून दिलं होतं. चष्मा लावला की नाक बसतं, काढला की निघतं. सर्वांनी वाहवा केली. लहान मुलं आईचा चष्मा ओढतात, एवढंच कोणाच्या ध्यानात आलं नाही. चार वर्षांच्या गुड्डीने तो ओढला आणि आईचं नाक तिच्या हातात आलं. तेव्हापासून पोर आईजवळ फिरकत नव्हती. आजीच्या हातून जेवायची, आजीच्या कुशीत झोपायची, आई दिसली की खाटेखाली शिरायची. मागच्या खेपेला सुरिंदर म्हणाली होती की स्फोटात मेले असते तर बरं, पोरीने निदान माझ्या फोटोला तरी हात लावला असता.

म्हणून रागिणीने आता पक्कं चिकटणारं नाक केलं होतं, कोणी ओढलं तरी न निघणारं. ते लावून बघायला सुरिंदर आज यायची होती. पावलं वाजली तशी रागिणीने घाईघाईने मुखवट्यावर टॉवेल टाकला.

सुरिंदर एकटीच आत आली. सासू गुड्डीला घेऊन बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली, कारण आई जाईल त्या खोलीत पोर पाऊल टाकत नव्हती. चष्म्याचं नाक सुरिंदर आता लावत नव्हती. तिने तोंडावरची चुन्नी सोडली आणि घाम पुसायला समोरचा टॉवेल ओढला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं रागिणीला झालं. हे कशासाठी, असं सुरिंदरने विचारलं. रागिणीने पार्टीचं खरं काय ते सांगून टाकलं. सांगताना स्वतःच्या तोंडातले शब्दही तिला घाण लागले. ही बाई आता आपल्यावर थुंकणार, आणि थुंकायलाच हवं. सुरिंदरने मुखवटा उचलला. आरशासमोर जाऊन तो स्वतःच्या गालाशेजारी धरला आणि कितीतरी वेळ दोन्ही तोंडं पाहत राहिली.

“डॉक्टर जी,” ती शांतपणे म्हणाली, “ये तो मुझसे भी बुरा है.”

मग तिने मुखवटा तोंडावर चढवला, इलॅस्टिक डोक्यामागे ओढलं आणि सरळ व्हरांड्यात गेली.

रागिणी मागे धावेपर्यंत गुड्डीची किंकाळी ऐकू आली. सासूने वाहेगुरूचा धावा केला आणि पोरीला पोटाशी धरलं. रागिणीचा संताप संताप झाला. आधीच भेदरलेलं लेकरू, आणि जन्मदातीच त्याच्या जिवावर उठली आहे. मुखवटा काढ म्हणून ती ओरडली. सुरिंदरने ऐकलं नाही. ती गुरगुरली, एक पाऊल पुढे गेली, आणि एकाएकी दोन्ही हातांनी स्वतःचाच चेहरा धरून त्याच्याशी झटू लागली. मुखवटा ओरबाडून तिने फरशीवर आपटला. चपलेखाली तुडवला, पुन्हा तुडवला, कापूस बाहेर येईपर्यंत तुडवला.

मग ती धापा टाकत उभी राहिली. चुन्नी नाही, नाक नाही, तोंडावर व्हरांड्यात शिरलेलं टळटळीत ऊन. रागिणीने नजर खाली वळवली. इतक्यांदा त्या चेहऱ्याची मापं घेऊनही तो उघडा तिला बघवत नसे. आताही बघवला नाही, आणि स्वतःची शिसारी आली.

खाली पाहत असतानाच तिला दोन छोटी पावलं धावत जाताना दिसली. मान वर केली तेव्हा गुड्डी आईच्या कडेवर होती आणि ओल्या हातांनी तिचे दोन्ही गाल धरून, इतका वेळ कुठे होतीस म्हणून रागावून विचारत होती,

“भूत आया सी, मम्मी. तू कित्थे सी?”