कोणता मीटर खोटा

एक मीटर म्हणाला, सेल दीड व्होल्टचा. दुसरा म्हणाला, पावणेदोनचा. एकनाथरावांनी चष्मा पुसला आणि दोघांकडे एकाच खटल्यातल्या दोन साक्षीदारांकडे पाहावं तसं पाहिलं. त्यांची सगळी नोकरी अदालतीत गेली होती.

सकाळपासून हेच चाललं होतं. घरातला रेडिओ गणपतीपासून मुका होता आणि तो आपणच दुरुस्त करणार, असा त्यांचा हट्ट होता. आधी ते बोटानेच तारा चाचपत. एकदा रेडिओने त्यांना भिंतीवर आपटलं, तेव्हा वीज मोजायचा मीटर घ्यायचं ठरलं. गल्लीतल्या केशवरावांच्या प्रभाकरने दोन मीटर आणून दिले, पसंत पडेल तो ठेवायच्या बोलीवर. एक सिकंदराबादच्या जुन्या बाजारातला, पलटणीच्या सामानातून निघालेला, विटेसारखा जड. दुसरा इथल्याच, हैदराबादेतल्या सुलतान बाजारातला, नवाकोरा, खिशात मावेल असा. एकाचं दुसऱ्याशी कशावरच पटत नव्हतं.

"दाजी, माझी गाडी चुकेल," मेहुणे मुकुंदराव तिसऱ्यांदा म्हणाले. ते औरंगाबादेहून भाचीसाठी, म्हणजे कमलसाठी, स्थळ घेऊन आले होते. संध्याकाळी काचीगुडा स्टेशनावरून परत निघायचं होतं आणि जाताना होकार घेऊन जायचा होता.

"होकारच समजा," एकनाथराव म्हणाले. "एवढं आटपू द्या."

कमल टेबलामागे उभी राहून रेडिओची पाठ पुसत होती. ती पुसतच राहिली.

होकार न द्यायला कारणही नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. एकनाथरावांची नोकरी मुंबई राज्याच्या वाट्याला गेली होती, म्हणजे बिऱ्हाड औरंगाबादेला जाणार. मग मुलगी तेवढी मागे, परराज्यात, कशी ठेवायची? दसऱ्याला केशवरावांनी आपल्या प्रभाकरसाठी कमलचा विषय काढला, तेव्हा एकनाथरावांनी पानाचं तबक पुढे सरकवलं आणि हवापाण्यावर बोलायला सुरुवात केली. प्रभाकर रेल्वेत होता, तो सिकंदराबाद सोडून हलणार नव्हता. कमलला तर औरंगाबादच्या स्थळाबद्दल त्यांनी दोनदा विचारलं होतं. "तुम्ही म्हणाल तसं, बाबा," असं ती म्हणाली आणि त्यांनी ते खरं मानलं. नकार मिळूनही प्रभाकर मीटर घेऊन आला, याचं त्यांना कौतुक वाटलं. नवल मात्र वाटलं नाही.

"काका, उगं परेशान होऊ नका," प्रभाकर म्हणाला. "दोन्ही ठेवा चार दिवस."

"नक्को. निकाल आजच."

त्यांनी तांबं उघडं असलेल्या दोन लांब तारा घेतल्या. नवा मीटर सगळ्यात नाजूक पट्टीवर लावला आणि दोन्ही टोकं स्वतःच्या दोन हातांत धरली. काटा हळूच वर चढला.

"बघा. मीटरच्या आतल्या सेलची वीज माणसाच्या अंगातूनसुद्धा जाते. आता दोन टोकं दोन माणसांच्या हातात दिली, तर मध्ये वाट तुटली. काटा जागचा हलता कामा नये. ज्याचा हलेल तो मीटर खोटा."

ओल्या फरशीतून वीज पळू नये म्हणून त्यांनी दोन पाट मांडले. टेबलामागे, रेडिओच्या एका अंगाला कमल उभी राहिली, दुसऱ्या अंगाला प्रभाकर. दोघांच्या एकेका हातात एकेक तार. मध्ये तो भलामोठा रेडिओ. अलीकडे खुर्चीवर एकनाथराव, नाक मीटरला टेकवून.

नव्या मीटरचा काटा चढला.

"हा खोटा," एकनाथराव समाधानाने म्हणाले.

"सुटलो," म्हणत मुकुंदरावांनी टोपी घातली.

शहानिशा म्हणून एकनाथरावांनी त्याच तारा जुन्या मीटरला जोडल्या. काटा चढला, आणि नव्याचा थांबला होता नेमका तिथेच थांबला. दिवसभरात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

एकनाथराव चक्रावले. तारा कुठे टेकल्यात का, ते पाहायला खुर्चीवरून उठले. काटा झटकन खाली आला. बसले, काटा वर. पुन्हा उठल्यासारखं केलं, काटा खाली. पुन्हा बसले.

काटा वर.

मग मात्र ते उठले नाहीत. तारा कुठेच टेकल्या नव्हत्या. पायाखाली पाट होते. कमलच्या अंगातून वीज प्रभाकरच्या अंगात जायची, तर तिला एकच वाट उरत होती, आणि ती रेडिओच्या पाठीमागे होती.

त्यांनी मान वर केली. प्रभाकर छताकडे पाहत होता. कमल पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती आणि तिचे कान लाल झाले होते. खरं तर बाप म्हणून त्यांना राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं ते याचं, की दोनदा विचारूनही पोरीने जे सांगितलं नाही, ते एका निर्जीव डब्याला समजलं. आणि औरंगाबादेचा होकार आपण जवळजवळ देऊन बसलो होतो.

"मग दाजी," मुकुंदरावांनी पिशवी उचलली, "खोटा कोणता ठरला? आणि तिकडे काय सांगू?"

"खोटा कुणीच नाही," एकनाथराव म्हणाले. "तिकडे सांगा, मुलगी हैदराबादेतच दिली."

मुकुंदराव पिशवी धरून तसेच उभे राहिले. "दिली? कधी?"

"हे काय, आत्ताच," एकनाथरावांनी मीटर त्यांच्याकडे वळवला. "काटा अजून वरच आहे."