पलीकडची चिंधी

सकाळचे ऊन टाकव्याजवळच्या घळीत सावकाश उतरत होते. आधी माथ्यावरचे वाळलेले गवत पिवळे झाले, मग कातळातल्या ओल्या भेगा उजळल्या, आणि बऱ्याच वेळाने खाली नदीच्या पाण्यावर एक फिकट कवडसा पडला.

झिपलाइनवरून पर्यटकांना घळीपार सोडण्याआधी दोन्ही काठांवर काठीला बांधलेल्या चिंध्या जवळ जाऊन पाहायच्या आणि वारा ठरवायचा, हा तिथला शिरस्ता होता; ते काम गौरवचे. गेल्या वर्षी याच तारेवर वाऱ्याने भिरकावलेला गौरवचा धाकटा भाऊ कातळावर आदळून गेला होता. तेव्हापासून गौरव मालकाशी, महिपतआबांशी, दातओठ खातच बोलत असे.

"काय रं, वारा काय म्हनतोय?" आबांनी विचारले.

"गेल्या साली इचारलं असतं तुमी, तर भाऊ वाचला असता. तुमाला गिऱ्हाइकाची घाई!"

आबा तारेवरची कडी तपासू लागले.

अलीकडची चिंधी काठीला चिकटून लोंबत होती. पलीकडची मात्र ताठ होऊन गौरवकडे रोखलेली होती. तो संतापाने दहा पावले डावीकडे गेला. चिंधी त्याच्यामागे वळली. तो उजवीकडे धावला. ती पुन्हा त्याच्याच छातीवर रोखली गेली. गवताचे एक पातेही हलत नव्हते.

"ती बघा, आबा! कुटला वारा हाय ह्यो?"

"कसला वारा? गपगार पडलीय की ती."

चिंधी आणखी ताणली. तिची फडफड आता थेट त्याच्या कानाशी ऐकू येत होती.

भाऊ गेला त्या दिवशी पलीकडची चिंधी पाहायला न जाताच "वारा न्हाई, सोडा त्याला" असे आबांना गौरवनेच सांगितले होते.