घराची हवा

हॉलच्या जमिनीसाठी आणलेल्या सागवानी फळ्या द्वारकाबाईंच्या खोलीत रचून सुतार म्हणाला, "आठवडाभर राहू द्या, आजी. लाकडाला आधी घराची हवा मानवली पाहिजे. घाईनं बसवलं, तर पुढं फुगून उचकटतं."

"लाकडाचेही लाड!" मुलगा हसला. गावचं घर विकून आईला इथं आणलं, तेव्हा तिची ट्रंक कॉटखाली सरकवून तो लगेच ऑफिसला गेला होता. त्याला वर्ष झालं. ट्रंक अजून भरलेलीच होती.

दुपारच्या रिकाम्या घरात बाई फळ्यांना गावाकडच्या गोष्टी सांगू लागल्या.

आठवड्यानं सुतार आला. फळी ठोकून पाहत सोबतच्या माणसांना म्हणाला, "रुळलं लाकूड. हॉलमध्ये घ्या रे."

शेवटच्या फळीवरून हात फिरवत बाई पुटपुटल्या, "आठवड्यात रुळलीस गं? कसं, ते मला सांगून तरी जा."