रुग्ण स्वतः डॉक्टर असेल तर

“मिसळ,” डॉ. सुरेंद्र आगाशे म्हणाले. “सकाळी खाल्ली. अपचन लिही आणि मला सोड.”

ऋताने लिहिले : छातीत दुखते. घाम. डावा खांदा जड. रुग्णाच्या मते मिसळ.

ऋता शिकाऊ डॉक्टर होती. तातडीच्या विभागातला तिचा हा एकोणिसावा दिवस होता. खाटेवर जे होते, त्यांच्या पुस्तकावर ती शिकत होती.

चाकण रस्त्यावरच्या त्या रुग्णालयात प्रत्येक शिकाऊ डॉक्टरच्या खिशात आगाशे सरांची उपचार-पुस्तिका असे. पहिली आवृत्ती सदतीस वर्षांपूर्वीची. चाळीस पाने, सायक्लोस्टाइल केलेली, टाचण्या मारलेली. तेव्हा सर ऋताच्याच वयाचे होते. एवढ्या तरुण डॉक्टरला पुस्तक लिहायचे का सुचले, हे कोणी विचारले नव्हते. पुढे कारखाने आले, तशी प्रेस मशीनमध्ये सापडलेल्या हाताची चार पाने वाढली. फवारणीचे औषध पोटात गेलेल्यांची तीन वाढली. करोनाची अकरा आली आणि पुढच्या आवृत्तीत दोन उरली.

पहिले पान मात्र सातही आवृत्त्यांत तेच होते. मथळा होता ‘रुग्ण स्वतः डॉक्टर असेल तर’. खाली दोन वाक्ये : ‘त्याचे निदान लिहून घ्यावे. त्याप्रमाणे वागू नये.’ नवे डॉक्टर हे पान एकमेकांना वाचून दाखवत आणि हसत.

आज आठव्या आवृत्तीचे प्रकाशन होते. सर पुस्तिकेच्या इतिहासावर बोलणार होते. सभागृहात खुर्च्या नीट मांडल्या आहेत का हे बघताना ते एका खुर्चीवर बसले आणि उठेनात. जुना वॉर्डबॉय मुरारी त्यांना दंडाला धरून इथे घेऊन आला होता.

ऋताने हृदयाचा आलेख काढला. त्यात काही बिघाड दिसला नाही.

“पाहिलंस?” सरांनी पाय खाली सोडले. “माझी चप्पल कुठाय, मुरारी?”

“वीस मिनिटांनी दुसरा काढायचाय, सर.”

“अगं, पस्तीस वर्षं हेच शिकवतोय मी.”

“हो सर. तुमच्या पुस्तिकेतूनच घेतलंय.”

“मी स्वतः सांगतोय, अपचन आहे.”

“ते लिहून घेतलंय, सर.”

सरांच्या लक्षात आले. “ते पहिलं पान होय! ते मी नव्या आवृत्तीतून गाळलंय. पोरं हसतात.”

“नवी आवृत्ती चार वाजता निघणार आहे, सर,” ऋता म्हणाली. “आत्ता पावणेतीन झालेत.”

“तुझ्या विभागप्रमुखांना फोन लावू?”

“लावा, सर. झोपून लावा.”

विभागप्रमुख सरांचेच विद्यार्थी होते. शिकाऊ डॉक्टरच्या कामाचा शेरा तेच लिहीत.

सर उठायला लागले, तेव्हा मुरारीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “पडा की गप, सर. आमच्या गावचा बैलबी दवाखान्यात एवढी खळखळ करत न्हाई.”

सर पडले. फोन त्यांनी लावला नाही. वीस मिनिटे ते छताकडे बघत होते. ऋता त्यांच्याकडे बघत होती. मुरारी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

दुसऱ्या आलेखात रेषा वर उचलली गेली होती. असा आलेख ऋताने आजवर फक्त सरांच्या पुस्तिकेत पाहिला होता. तिने कागद सरांपुढे धरला. त्यांनी तो एकदा पाहिला, चष्मा काढला आणि मुरारीकडे दिला. ऋताने दिलेली गोळी त्यांनी चावून खाल्ली. चौथ्या मजल्यावर हृदयाची बंद नळी उघडायची तयारी सुरू झाली. स्ट्रेचर निघाले.

लिफ्टपाशी थांबावे लागले.

“सर,” ऋता म्हणाली, “ते पान तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय, असं आम्हाला वाटायचं.”

सरांनी मान तिच्याकडे वळवली.

“अरुंधतीबाई माझ्या शिक्षिका. याच विभागात शिकवायच्या. वारल्या त्या दिवशी त्यांनाही असाच घाम आला. मी तेव्हा तुझ्याएवढा. म्हणाल्या, सुरेंद्र, पित्त झालंय, कासारवाडीला घरी जाऊन पडते.”

लिफ्ट आली. मुरारीने दार धरले.

“मी म्हणालो, बरं बाई.”