खुर्चीचे पाय

पूर्णिमा झोपली होती. नुसती झोपली असती तरी चाललं असतं, पण बाई चक्क घोरत होती. स्टुडिओतल्या चटईवर, ओढणी तोंडावर घेऊन, पंखा पाचावर ठेवून. आणि संध्याकाळी पाचला गॅलरीचे रंगनाथ येऊन दोघींपैकी एकीचंच चित्र मुंबईच्या प्रदर्शनासाठी नेणार होते.

“चारला उठव गं,” असं तनुजाला सांगून ती आडवी झाली होती. “खुर्चीचे पाय आणि खालची फरशी तेवढी राहिलीय. अर्ध्या तासाचं काम.”

तनुजाचं चित्र परवाच पुरं झालं होतं. दोघींनी मिळून कोथरूडच्या सोसायटीतला हा तळमजल्याचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हापासून तनुजा रोज नऊच्या ठोक्याला हजर. बँकेत लागल्यासारखी. डबासुद्धा ती उभ्यानेच संपवायची. पूर्णिमा उगवायची अकराला. दोन तास रंगवायची, जेवायची आणि ताणून द्यायची. वर शहाणपण शिकवायची, “अगं, झोपल्यावर डोळे निवतात.” असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी म्हणतात, तो हरी बहुतेक याच गाळ्यात येत असावा. कारण देत होता, हे तर दिसतच होतं.

तनुजा उठून पूर्णिमाच्या चित्रासमोर उभी राहिली. खरं सांगायचं तर खोट काढायलाच.

चित्रात वाघोलीच्या तुळजाबाई होत्या. मागे बारा मजली टॉवर, त्यांच्याच विकलेल्या शेतावर उभा. पुढे पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बाई पदर सावरून ऐसपैस बसलेल्या. कॅनव्हासचा खालचा भाग मात्र कोरा. खुर्चीला पाय नाहीत, पायांखाली जमीन नाही, आणि बाईंना त्याचा पत्ताच नाही.

तनुजा दोन पावलं मागे सरकली. पुन्हा पुढे आली. चित्र झालेलं होतं. आता खाली फरशी घातली की ते एका म्हातारीचं साधं पोर्ट्रेट होणार होतं, हॉलमध्ये सोफ्याच्या वर टांगण्याजोगं. आणि हे पूर्णिमाला कळलेलं नव्हतं.

तिने वळून स्वतःच्या चित्राकडे पाहिलं. येरवड्याच्या पुलावरून दिसणारी नदी. पाण्यावरच्या जलपर्णीचं पानन् पान तिने रंगवलं होतं. त्यात कुणाला चूक सापडली नसती. पण त्याच्यासमोर कुणी थांबलंही नसतं. तिला भयंकर हेवा वाटला. आपण जिवाचं रान करायचं आणि हिने घोरायचं, अर्धवट सोडायचं, आणि ते अर्धवटच पूर्ण निघायचं!

पूर्णिमाला तसंच झोपू दिलं, तर रंगनाथ तुळजाबाईंना घेऊन जाणार. उठवलं, तर ती आपल्याच हाताने चित्राची वाट लावणार. आणि उठवायला तर तिनेच सांगितलं होतं. मैत्रिणीचा शब्द पाळणं हा काय गुन्हा आहे?

तनुजाने चहाचं आधण ठेवलं. आलं किसून घातलं. इतक्या निगुतीने तिने पूर्णिमासाठी आजवर कधी चहा केला नव्हता.

“पूर्णिमा, ऊठ. चार वाजले.”

पूर्णिमा डोळे चोळत उठून बसली. “अगंबाई, चहासुद्धा? आज कुठे सूर्य उगवलाय?”

“पी गप. आणि आटप. वेळ कमी आहे.”

पूर्णिमाने दोन घोट घेतले, कप स्टुलावर ठेवला आणि केस वर बांधले. फरशीसाठी करडा रंग कालवला, रुंद ब्रश त्यात बुडवला. तनुजा बेसिनकडे तोंड करून उभी राहिली. बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तरी मान वळलीच. ब्रश कॅनव्हासपासून वीतभर राहिला होता.

“थांब!”

तिने धावत येऊन पूर्णिमाचं मनगट धरलं होतं. का, ते तिचं तिलाच कळलं नाही. करडा रंग दोघींच्या हातांवर ओघळला.

“अगं, काय झालं?”

“हात लावू नकोस त्याला. झालंय ते.”

“डोकं फिरलंय का तुझं? बाई अधांतरी बसलीय.”

“तेच. बघ ना नीट.”

पूर्णिमा बघत राहिली. मग चार पावलं मागे जाऊन बघितलं. तिने ब्रश हळूच खाली ठेवला, कपड्याने हात पुसले आणि चहाचा कप उचलला. चित्रावरची नजर न काढता ती एकेक घोट घेत होती. अर्धा कप झाल्यावर तिने तनुजाकडे पाहिलं. डोळ्यांत झोपेचा मागमूस उरला नव्हता.

“हे तुला कधी दिसलं, तनू?” तिने शांतपणे विचारलं. “चहा टाकायच्या आधी, की नंतर?”